पॅकेट वर्गीकरणाचा डिसिजन ट्री चालू ट्रॅफिकमध्ये कसा बदलायचा

पॅकेट वर्गीकरण, म्हणजे येणाऱ्या प्रत्येक पॅकेटला कोणता नियम लागतो ते ठरवणं, शिकवताना गोष्ट बहुतेक वेळा एकाच जागी येऊन थांबते. नियमांची यादी घ्या, ट्री बांधा, पॅकेट वरून सोडा, खाली उत्तर घ्या. पण ट्री बांधून झाला की लगेच कुणीतरी एक नियम वाढवायला सांगतं, दुसरा कुणी एक काढायला सांगतो, आणि खरी कसोटी तिथून सुरू होते. हा लेख त्या पुढच्या कामाबद्दल आहे. प्रोग्रॅमिंग येतं, आयपी पत्ता आणि पोर्ट म्हणजे काय हे ठाऊक आहे, पण चालत्या ट्रीला हात लावण्याची वेळ अजून आलेली नाही, अशा वाचकांसाठी तो लिहिला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. ट्री लहान आणि चपळ करण्यासाठी ज्या ज्या युक्त्या वापरल्या जातात, त्यातली जवळपास प्रत्येक युक्ती ‘नियम आता बदलणार नाहीत’ या गृहितकावर उभी असते. नियम बदलला की ते गृहीतक मोडतं, आणि ट्री काही न बोलता चुकीचं उत्तर देऊ लागतो. कुठली युक्ती कोणत्या बदलाने मोडते हे ओळखता आलं की अपडेटचं बरंचसं काम साधलं.

थोडी उजळणी

आयपीव्ही४ मध्ये वर्गीकरणासाठी साधारणपणे पाच फील्ड पाहतात: स्रोत पत्ता ३२ बिट, गंतव्य पत्ता ३२ बिट, स्रोत पोर्ट १६ बिट, गंतव्य पोर्ट १६ बिट आणि प्रोटोकॉल ८ बिट. एकूण १०४ बिट. प्रत्येक नियम या पाचही फील्डवर एकेक पल्ला सांगतो, आणि पॅकेट पाचही पल्ल्यांत बसलं तर नियम लागू होतो. एकाच पॅकेटला अनेक नियम लागू होऊ शकतात, तेव्हा ज्याचा प्राधान्यक्रम वरचा तो जिंकतो.

वेळ किती मिळतो? १० गिगाबिटच्या लिंकवर सगळ्यात लहान, म्हणजे ६४ बाइटच्या फ्रेम ओळीने आल्या तर दोन फ्रेममध्ये ६७.२ नॅनोसेकंदांचं अंतर असतं. मुख्य मेमरीतून एकदा वाचायलाच साधारण तेवढा वेळ जातो. म्हणून नियमांची यादी वरून खाली चाळत बसणं परवडत नाही आणि ट्री लागतो.

१९९९ साली पंकज गुप्ता आणि निक मॅककोन यांनी मांडलेली हायकट्स ही या घराण्यातली मूळ पद्धत. सगळ्या फील्डचा मिळून एक मोठा अवकाश कल्पायचा, एका फील्डवर त्याचे समान तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यात कोणते नियम येतात ते बघायचं, आणि एका तुकड्यातले नियम ठरलेल्या मर्यादेत आले की तिथे पान (ट्रीचं शेवटचं टोक, ज्यातले मोजके नियम एकेक करून तपासायचे) करून थांबायचं. २००३ च्या हायपरकट्सने एकाच नोडवर अनेक फील्ड एकदम कापायला सुरुवात केली. २०१० च्या एफिकट्सने नियमांचे गट पाडून प्रत्येक गटाला वेगळा ट्री दिला. तपशील वेगळे असले तरी अपडेटच्या अडचणी तिन्हीत एकाच जातीच्या आहेत.

पायरी १: खरी यादी ट्रीच्या बाहेर ठेवा

ट्रीला नियमांचं एकमेव भांडार समजू नका. बाहेर एक मूळ यादी ठेवा. तिच्यात प्रत्येक नियमाचा क्रमांक, प्राधान्य, पाचही पल्ले आणि कृती असू द्या. पानांमध्ये नियमाची नक्कल ठेवायची नाही, फक्त क्रमांक ठेवायचा. ट्री हा या यादीवरून कधीही पुन्हा काढता येणारा निर्देशांक आहे, एवढंच त्याचं स्थान.

याचा एक फायदा लगेच मिळतो. पुष्कळ बदल नुसत्या कृतीचे असतात: ‘अडवा’चं ‘सोडा’ करायचं, किंवा दुसऱ्या रांगेत पाठवायचं. पल्ले तेच राहतात. अशा वेळी ट्रीला हात लावायची गरजच नसते, मूळ यादीतला एक शब्द बदलला की झालं.

प्राधान्याला १, २, ३ असे लागून क्रमांक देऊ नका. १०, २०, ३० असे मध्ये जागा ठेवून द्या. नाहीतर मधे एक नियम घुसवताना खालच्या सगळ्यांचे क्रमांक हलवावे लागतात आणि एका नियमाच्या बदलासाठी सगळी पानं ढवळली जातात. दोन नियमांचं प्राधान्य सारखं असू शकतं का, हेही आत्ताच ठरवून टाका. माझं मत स्पष्ट आहे: असू देऊ नका.

पायरी २: कागदावर एक छोटा ट्री

पाच फील्ड कागदावर मावत नाहीत, म्हणून दोनच घेऊ. दोन्हींच्या किमती ० ते १५. पहिल्याला क म्हणू, दुसऱ्याला ख. इथे नियमाचा क्रमांक हेच त्याचं प्राधान्य धरू: क्रमांक लहान तो नियम वरचढ.

नियम १०: क २–३, ख १२–१५, अडवा
नियम २०: क ०–७, ख ८–११, सोडा
नियम ३०: क ८–११, ख ०–१५, सोडा
नियम ४०: क १२–१५, ख ०–३, अडवा
नियम ५०: क ४–७, ख ०–७, सोडा
नियम ६०: क ०–१५, ख ०–१५, अडवा

एका पानात जास्तीत जास्त तीन नियम, अशी मर्यादा ठेवू. मुळाशी क चे चार समान तुकडे पाडले की चार पानं होतात:

क ०–३: नियम १०, २०, ६०
क ४–७: नियम २०, ५०, ६०
क ८–११: नियम ३०, ६०
क १२–१५: नियम ४०, ६०

सगळी पानं मर्यादेत आहेत, ट्री तयार झाला. तरी दोन गोष्टी नीट पाहा. सहा नियमांच्या पानांत मिळून दहा नोंदी झाल्या, कारण नियम २० दोन पानांत आहे आणि नियम ६० चारही पानांत. दुसरं असं की क ८–११ च्या पानात नियम ३० ने पूर्ण हद्द व्यापली आहे. तिथे नियम ६० पर्यंत कुठलंच पॅकेट कधी पोचणार नाही. हायकट्समध्ये असा झाकला गेलेला नियम पानातून काढून टाकतात, म्हणजे नोंदी नऊ उरतात. हे काढून टाकणं पुढे आपल्याला महाग पडणार आहे.

हा कागद जवळ ठेवा, पुढच्या सगळ्या पायऱ्या याच्यावरच करायच्या आहेत.

पायरी ३: नियम घालणं

नवा नियम आला: नियम २५, क ६–९, ख १०–१३, अडवा.

मुळापासून खाली उतरा. प्रत्येक नोडवर विचारा, या नियमाचा आयत (क आणि ख च्या पल्ल्यांनी बनणारा चौकोन) कोणकोणत्या मुलांच्या हद्दीला छेदतो? पॅकेट खाली उतरताना एकच वाट धरतं, नियम मात्र अनेक वाटांनी उतरतो. नवख्यांचा कोड इथे बऱ्याचदा चुकतो, कारण शोधाचं फंक्शन उचलून तेच नियम घालायला वापरलं जातं आणि नियम एकाच पानात जाऊन पडतो.

आपला नियम क ४–७ आणि क ८–११ या दोन पानांत जातो. दुसऱ्या पानात जागा आहे, तिथे प्राधान्याच्या क्रमाने २५ हा ३० च्या आधी बसतो. पहिल्या पानात मात्र २०, २५, ५०, ६० असे चार होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. पान फोडावं लागणार.

कुठल्या फील्डवर फोडायचं? क वर दोन तुकडे करून पाहा. क ४–५ मध्ये २०, ५०, ६० असे तीन येतात, पण क ६–७ मध्ये चारच्या चार राहतात. काही साधलं नाही. आता ख वर करून पाहा. ख ०–७ मध्ये ५० आणि ६० येतात, त्यातही ५० ने पूर्ण हद्द व्यापल्यामुळे ६० झाकला जातो. ख ८–१५ मध्ये २०, २५, ६०. तीन, म्हणजे मर्यादेत. पान ख वर फोडायचं.

यावरून सवय एकच लावून घ्या. पान फोडण्याआधी प्रत्येक फील्डवर कापून पाहा आणि ज्या कापात सगळ्यात भरलेला तुकडा सगळ्यात लहान होतो तो निवडा. आई-नोडने जे फील्ड कापलं तेच डोळे झाकून पुन्हा कापू नका. आणि कुठल्याच कापाने फायदा होत नसेल तर पान फोडूच नका, मर्यादेपेक्षा एक नोंद जास्त चालवून घ्या. ही मर्यादा सोयीसाठी ठेवलेली आहे. ती पाळण्याच्या हट्टापायी ट्री निष्कारण खोल होतो, आणि एकमेकांवर पूर्ण पडलेले नियम असतील तर कोड फोडत फोडत कधी थांबतच नाही.

घालून झाल्यावर दोन पॅकेट हाताने तपासा. (९, १२) आधी नियम ३० मुळे सुटत होतं, आता नियम २५ मुळे अडतं. (७, १०) मात्र आधीसारखंच सुटायला हवं, कारण नियम २० हा २५ पेक्षा वरचढ आहे. ते अडलं तर पानातला क्रम चुकला असं समजा.

एक अवघड पाहुणा राहिला. समजा नियम ५ आला: क ०–१५, ख फक्त ५, अडवा. क मध्ये काहीही चालतं, म्हणून तो मुळाच्या चारही तुकड्यांत उतरतो. खऱ्या यादीत ‘स्रोत कुठलाही, गंतव्य पोर्ट अमुक’ असे नियम भरपूर असतात. स्रोत पत्त्यावर कापलेल्या मोठ्या ट्रीत असा एक नियम हजारो पानांत जाऊन बसू शकतो. पाहुणा एकच, पण घालायला हजार नोंदी आणि पुढे काढायलाही तेवढ्याच. एफिकट्समधली गट पाडण्याची कल्पना इथे कामी येते. ज्या नियमांचा एखाद्या फील्डवरचा पल्ला फार रुंद आहे त्यांचा वेगळा ट्री करा आणि त्या ट्रीत त्या फील्डवर कापूच नका. शोध दोन ट्रींत करावा लागतो, हे खरं. पण अपडेटचा खर्च आटोक्यात राहतो, आणि अपडेट वारंवार होणार असतील तर मी हा सौदा नक्की करेन.

पायरी ४: नियम काढणं

घालण्यापेक्षा काढणं सोपं वाटतं. मला ते उलट वाटतं, आणि या लेखात सगळ्यात सावकाश वाचायचा भाग हाच आहे.

नियम ३० काढायचा आहे. मूळ यादीतून त्याचे पल्ले घ्या, घालताना उतरलो तसेच त्या सगळ्या वाटांनी खाली उतरा, जिथे ३० सापडेल तिथून काढा. आपल्या ट्रीत तो क ८–११ च्या एकाच पानात आहे. काढला. पानात उरला फक्त नियम २५.

आता पॅकेट (१०, ५) सोडा. क ८–११ च्या पानात पोचलं. नियम २५ लागू होत नाही, कारण क ६–९ मध्ये १० बसत नाही. पान संपलं आणि हाती कुठलाच नियम नाही. मूळ यादी काय म्हणते? नियम ६० लागू होतो, अडवा. पण नियम ६० तर आपणच, तो झाकला गेला म्हणून, बांधताना काढून टाकला होता. झाकणारा गेला आणि झाकलेला परत आणायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

हे छिद्र फार वाईट असतं. प्रोग्रॅम कोसळत नाही, लॉगमध्ये काही येत नाही. ‘नियम सापडला नाही’ या वेळी तुमचा कोड काय करतो यावर सगळं अवलंबून राहतं. तो सोडत असेल, तर अडवायचं ट्रॅफिक आत जात राहतं.

उपाय तीन आहेत. पहिला, झाकलेले नियम काढूच नका. पानं थोडी फुगतात, पण छोट्या यादीसाठी हे पुरेसं आहे. दुसरा, नियम काढला की त्या पानाची हद्द घेऊन मूळ यादी पुन्हा चाळा आणि हद्दीला छेदणाऱ्या नियमांतून पान नव्याने भरा. बरोबर उत्तर मिळतं, पण दर पानामागे पूर्ण यादी चाळावी लागते. तिसरा मला सगळ्यात आवडतो. प्रत्येक पानात दोन याद्या ठेवा, एक चालू नियमांची आणि एक झाकलेल्यांची. शोध फक्त पहिली यादी वाचतो, दुसरीकडे बघतही नाही. चालू नियम काढला की झाकलेल्या यादीतले नियम तपासा, ज्यांच्यावरचं झाकण उडालं ते चालू यादीत आणा. मेमरी थोडी जास्त लागते, शोधाचा वेग मात्र कमी होत नाही. पान फोडताना दोन्ही याद्या वाटायच्या, हे विसरू नका. लहान तुकड्यात झाकला जाणारा आणि न झाकला जाणारा यांचा हिशेब बदलतो, वर नियम ६० च्या बाबतीत तो बदललाच.

नियम काढून पानं रिकामी होत गेली की भावंडं परत जोडायचा मोह होतो. घाई करू नका. तीन नियमांवर फोडायचं आणि तीन होताच जोडायचं असं ठेवलं, तर एकच नियम वारंवार आत-बाहेर करणारा वापरकर्ता त्या पानाला सतत फोडायला आणि जोडायला लावेल. जोडण्याची मर्यादा फोडण्याच्या मर्यादेच्या निम्मी ठेवा, किंवा जोडण्याचं काम पुढे येणाऱ्या पुनर्बांधणीवर सोपवून द्या.

नियमाचा पल्ला बदलायचा असेल तर ते एक काढणं आणि एक घालणं आहे. आधी काढून मग घातलं तर मधल्या क्षणी आलेल्या पॅकेटला दोन्ही सापडत नाहीत. दोन्ही बदल एकदमच दिसायला हवेत. कसे, ते पायरी ६ मध्ये.

पायरी ५: हाती आलेला ट्री आधी तपासून घ्या

दुसऱ्या कुणाची लायब्ररी वापरत असाल किंवा एखादा शोधनिबंध वाचून कोड लिहिला असेल, तर अपडेट लिहिण्याआधी आत आणखी या तीन युक्त्या आहेत का ते बघा.

सामाईक मुलं: दोन तुकड्यांत अगदी तेच नियम आले तर हायकट्स दोन्ही पॉइंटर एकाच नोडकडे वळवते. आता एका तुकड्यात नवा नियम घातला की तो दुसऱ्यातही उगवतो, जिथे त्याचा काही संबंध नाही. लिहिण्याआधी त्या नोडची स्वतंत्र प्रत करा. नोडकडे किती पॉइंटर येतात याची मोजदाद ठेवली की प्रत केव्हा हवी ते कळतं.

आखडलेली हद्द: हायपरकट्स नोडची हद्द त्यातल्या नियमांपुरती आवळून घेते, म्हणजे रिकाम्या जागेत काप वाया जात नाहीत. नवा नियम त्या आवळलेल्या हद्दीबाहेर पडला की पॅकेट त्याच्यापर्यंत पोचतच नाही. हद्द वाढवली तर समान काप सरकतात आणि खालचा सगळा भाग पुन्हा बांधावा लागतो. वारंवार बदलणाऱ्या ट्रीत ही युक्ती मी बंद ठेवतो.

वर ढकललेले नियम: सगळ्या मुलांत असलेला नियम हायपरकट्स एकदाच आई-नोडवर ठेवते. काढताना फक्त पानं तपासली तर असा नियम वर तसाच राहून जातो आणि काढल्यानंतरही लागू होत राहतो.

पायरी ६: ट्रॅफिक न थांबवता बदल

आत्तापर्यंत असं धरलं होतं की आपण ट्री बदलतोय तेव्हा कुणी वाचत नाही. प्रत्यक्षात अनेक थ्रेड त्याच क्षणी तोच ट्री वाचत असतात. ट्रीला कुलूप लावून बदल करता येतो, पण ६७ नॅनोसेकंदांच्या हिशेबात कुलूप घेणं-सोडणंही जड पडतं.

रूढ मार्ग असा. वाचला जाणारा नोड कधीही जागच्या जागी बदलायचा नाही. बदलणारं पान, त्याचा आई-नोड, असं मुळापर्यंतच्या वाटेवरच्या नोडच्या नव्या प्रती बाजूला तयार करा. बाकीच्या फांद्या जुन्याच राहतात, नव्या प्रतींतले पॉइंटर त्यांच्याकडेच वळतात. सगळं तयार झालं की मुळाचा पॉइंटर एका अविभाज्य (अ‍ॅटॉमिक) लेखनाने नव्या मुळाकडे फिरवा. आधीच आत शिरलेला थ्रेड जुना ट्री पूर्ण वाचून बाहेर पडतो, नंतर आलेला नवा वाचतो. अर्धवट ट्री कुणालाच दिसत नाही. नियम पाच पानांत जात असेल तर पाचही वाटांच्या प्रती आधी करा आणि मूळ एकदाच फिरवा. वर सांगितलेली काढणं-घालणं ही जोडीही अशीच एका फिरवणीत बसवायची.

पॉइंटर फिरवताना मेमरी क्रमाची हमी देणारी क्रिया वापरा. नाहीतर दुसऱ्या कोअरला पॉइंटर नवा पण त्यामागचा मजकूर जुना, असं दिसू शकतं.

जुने नोड लगेच मोकळे करायचे नाहीत, कारण त्यांच्यावर अजून कुणी उभं असू शकतं. त्या क्षणी आत असलेले सगळे वाचक बाहेर पडले याची खात्री झाल्यावरच मेमरी परत करायची. लिनक्स कर्नलमध्ये याच कामासाठी २००२ पासून आरसीयू (रीड-कॉपी-अपडेट) नावाची यंत्रणा आहे, आणि वापरकर्ता पातळीवर तिच्या लायब्ररी मिळतात. ही यंत्रणा स्वतः लिहायला घेऊ नका, तयार असलेली वापरा.

लिहिणारा थ्रेड एकच ठेवा. सगळे बदल एका रांगेत येऊ द्या आणि एकाच थ्रेडला ती रांग उपसू द्या. थोडे बदल एकत्र करून एकाच फिरवणीत बसवले तर प्रती करण्याचा खर्चही वाटला जातो.

ट्रीच्या पुढे फ्लो कॅशे असेल, म्हणजे ओळखीच्या पॅकेटचं उत्तर आधीच साठवून ठेवणारी टेबल, तर तिच्याकडे वेगळं लक्ष द्या. ट्री बिनचूक बदलला तरी कॅशेतून जुनं उत्तर मिळत राहतं. प्रत्येक ट्रीला आवृत्ती क्रमांक द्या, कॅशेतल्या नोंदीसोबत तो साठवा, आणि क्रमांक जुळला नाही तर नोंद धरू नका.

पायरी ७: जोडयादी आणि पुनर्बांधणी

सुरुवात करताना पायरी ३ चा पूर्ण कोड लिहायची घाई नसेल तर एक सोपा मार्ग आहे. नवे नियम ट्रीत घालूच नका, एका छोट्या जोडयादीत ठेवा. पॅकेट आलं की ट्रीतलं उत्तर आणि जोडयादीतलं उत्तर घ्या, जे वरचढ ते मान्य करा. ट्रीतून मिळालेलं उत्तर जोडयादीतल्या सगळ्यात वरचढ नियमापेक्षाही वरचढ असेल तर यादी चाळायची गरज नाही. काही डझन नियमांपर्यंत हे छान चालतं.

पण जोडयादीतला नियम ट्रीत हलवताना एक बारीक फट राहते. वाचकाने आधी ट्री वाचला, तेव्हा नियम ट्रीत नव्हता. तेवढ्यात लिहिणाऱ्याने नियम ट्रीत घातला आणि जोडयादीतून काढला. मग वाचक जोडयादीकडे वळला, तिथे नियम नाही. दोन्हीकडे पाहूनही नियम निसटला. म्हणून ट्रीचं मूळ आणि जोडयादी एकाच छोट्या नोंदीत ठेवा, आणि फिरवायचा पॉइंटर त्या नोंदीचा असू द्या. वाचकाने एकदाच तो पॉइंटर घ्यायचा आणि शेवटपर्यंत तीच जोडी वापरायची.

अपडेट कितीही नीट केले तरी ट्री हळूहळू बिघडतो. पानं फुटून तो एका बाजूला खोल होतो, नोंदी वाढतात. बांधणीच्या वेळचे तीन आकडे लिहून ठेवा: एकूण नोंदी, सगळ्यात खोल पान, मर्यादा ओलांडलेली पानं. नोंदी दुप्पट झाल्या किंवा खोली ठरवलेल्या वेळेत बसेना, की पुन्हा बांधायची वेळ आली असं माना.

पुनर्बांधणी पार्श्वभूमीवर करायची. मूळ यादीचा त्या क्षणाचा ठसा घ्या आणि त्यावरून नवा ट्री बांधायला लागा. दरम्यान येणारे बदल जुन्या ट्रीत करत राहा आणि एका नोंदवहीतही लिहीत जा. नवा ट्री झाला की नोंदवहीतले बदल त्यावर क्रमाने चढवा, शेवटचे काही उरले की लिहिणारी रांग क्षणभर थांबवून तेही चढवा, आणि पॉइंटर फिरवा. या काळात दोन ट्री मेमरीत असतात, तेवढी जागा आधीपासून राखून ठेवा.

सेकंदाला हजारो बदल येत असतील तर मात्र ट्रीचा आग्रह सोडा. १९९९ चा टपल स्पेस सर्च अशा वेळी जास्त योग्य. त्यात सारख्या प्रिफिक्स-लांबीचे (म्हणजे प्रत्येक फील्डचे सुरुवातीचे तितकेच बिट पाहणारे) नियम एका हॅश टेबलमध्ये जातात, त्यामुळे नियम घालणं किंवा काढणं म्हणजे एका टेबलमधली एक नोंद. शोध अनेक टेबलांत करावा लागतो, तो त्याचा खर्च. ओपन व्हीस्विचने हाच मार्ग धरला आहे.

पायरी ८: चाचणी

तपासणीचं साधन साधंच आहे: मूळ यादी वरून खाली चाळणारं दहा ओळींचं फंक्शन. ते हळू चालतं, पण चुकत नाही. प्रत्येक बदलानंतर तेच पॅकेट ट्रीला आणि या फंक्शनला द्या, उत्तरं जुळायलाच हवीत.

पॅकेट कुठले द्यायचे हा खरा प्रश्न. १०४ बिटांच्या अवकाशातून आंधळेपणाने निवडलेली पॅकेट जवळजवळ सगळी शेवटच्या सर्वसमावेशक नियमावर जाऊन पडतात, अरुंद नियमांना ती शिवतही नाहीत. म्हणून पॅकेट नियमांच्या कडांवरून बनवा. प्रत्येक पल्ल्याचं सुरुवातीचं टोक, शेवटचं टोक, सुरुवातीच्या एक अलीकडे, शेवटच्या एक पलीकडे. आपल्या नियम २५ साठी क च्या किमती ५, ६, ९, १० आणि ख च्या ९, १०, १३, १४, म्हणजे सोळा पॅकेट होतात. नियम काढल्यावर त्याच नियमाच्या कडांची पॅकेट पुन्हा चालवा. पायरी ४ मधलं छिद्र याच चाचणीत सापडतं: नियम ३० साठी क ८ आणि ११, ख ० आणि १५ ही टोकं पाहिली की नियम ६० गायब असल्याचं लगेच उघड होतं.

मोठ्या यादीवर चाचणी करायला क्लासबेंच हे वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी इन सेंट लुइसमध्ये तयार झालेलं साधन वापरा. खऱ्या नियमसंचांचा घाट पाहून ते कृत्रिम संच तयार करतं. त्यातला एक संच घ्या, निम्म्या नियमांवर ट्री बांधा, उरलेले निम्मे एकेक करून घाला, मग पहिले निम्मे वाटेल त्या क्रमाने काढत जा. दर बदलानंतर कडांची पॅकेट चालवा, आणि वाचणारे थ्रेड हे सगळं होत असताना चालूच राहू द्या. एकाच थ्रेडवर केलेली चाचणी पायरी ६ आणि ७ मधल्या चुका पकडत नाही.